गुरुवारची नखं

आमच्या घरात नखं कापायला वारच मिळत नसे. हे आज सांगितलं की माझी भाची खिदळते, पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सोमवार शंकराचा, आईचा उपास. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा, तो आप्पांचा. शनिवार मारुतीचा, त्या दिवशी तर ब्लेडला हातसुद्धा लावायचा नाही. उरले तीन वार, आणि त्यांच्यात एकादशी, चतुर्थी, अमावास्या आली की तेही गेले. एवढं करून एखादा दिवस मोकळा सापडलाच, तर दिवेलागणीनंतर कापायची नाहीत, घरात कापायची नाहीत, आणि कापलेलं नख उंबऱ्याच्या आत पडलं तर घरात भांडणं होतात. आमच्याकडे भांडणं नखांमुळं होत होती की नखांच्या ह्या कायद्यांमुळं, हे दत्तालाच ठाऊक. आणि ह्या सगळ्या कायद्यांचं हायकोर्ट म्हणजे माझी ठकूआत्या.

ठकूआत्या आप्पांची थोरली बहीण. लग्न होऊन मावळात गेली आणि वर्षाच्या आत परत आली, ती कायमचीच. का, तर उजव्या पायानं लंगडायची. ‘पोरीच्या पायात खोट हाय, ती लपवून आमच्या गळ्यात बांधली,’ असं म्हणून सासरच्यांनी तिला गाडीत घालून आणली आणि आमच्या दारात उतरवून, पाणीसुद्धा न पिता परत गेले. हे मला कुणी समोर बसवून सांगितलेलं नाही. आई चुलीपुढं पुटपुटायची, त्यातून तुकड्यातुकड्यानं कळलं. आत्यासमोर ‘पाय’ हा शब्द काढायची घरात सोय नव्हती. ती उजव्या पायाला फडकं गुंडाळायची, वर आप्पांची जुनी रुंद चप्पल घालायची आणि बसली की तो पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. मी तो पाय कधी उघडा पाहिला नव्हता. आधी टाच टेकायची, मग पायाची बाहेरची कड, आणि मग फरपट. टप, फर्र, टप, फर्र. अंगणातून ती येते आहे हे मान वर न करता कळायचं.

आमचं घर कुरुळीत, रस्त्याच्या कडेला. समोर पूर्वी हरभऱ्याचं रान होतं म्हणे. मला आठवतं तेव्हापासून तिथं पत्रे ठोकणारं प्रेसशॉपच होतं. दिवसरात्र धप्प, धप्प, धप्प. आई त्याच ठेक्यावर भाकरी थापायची. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही, आणि गुरुवारी प्रेस थांबली की आम्हाला लागायची नाही. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी. विजेसाठी तशी वाटणी केलेली. गुरुवारी सगळी घरात. आप्पा कुठल्याशा कंपनीत फोर्कलिफ्टवर होते, तेही घरात. संध्याकाळी त्यांचा उपास सुटायचा तेव्हा आई हुलग्याची शेंगोळी करायची, भरपूर लसूण घालून, आणि त्या वासानं शेजारची पोरं ताटल्या घेऊन यायची. आता बघा, आठवड्यात एकच दिवस माणूस उजेडात घरी असायचा, आणि नेमका तोच दत्ताचा. बाकीचे दिवस तांबडं फुटायला बाहेर पडायचं आणि दिवे लागल्यावर परत. मग नखं कापायची कधी? कंपनीच्या बसमध्ये?

बारावी झाल्यावर मीही कंपनीत लागले. गाड्यांच्या आतल्या वायरी जोडायची लाइन होती, सगळ्या पोरी, सगळ्या उभ्यानं. ट्रेनी म्हणून घेतलं होतं. महिनाअखेरीला कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं ते ठरणार होतं. मला ती नोकरी हवी होती. साधी हवी नव्हती, जीव टाकून हवी होती. कारण घरात बोलणी सुरूच होती: नोकरी लागली तर दोन वर्षं थांबू, नाही लागली तर दिवाळीनंतर पाहुणे बोलवू. पाहुणे म्हणजे चहा-पोह्यांचा ट्रे, आणि ‘पोरीला जरा चालून दाखवायला सांगा’.

कंपनीनं बूट दिले. पुढं लोखंडी टोप असलेले, दणकट. बायकांच्या मापाचे आलेच नव्हते. स्टोअरवाला म्हणाला, “ताई, सगळ्यात लहान हाच. घालून घालून बसतो पायात.” बूट कसला बसतोय? पायच पुढं घसरून टोपावर आपटायचा. आईनं पुढं चिंध्या कोंबल्या. म्हणजे आधी नुसतं लोखंड होतं, आता लोखंड आणि चिंध्या. उन्हाळा, नायलॉनचे मोजे, घामानं पाय भिजलेले. आणि त्यात नखं वाढलेली, कारण वार सापडत नव्हता.

एका बुधवारी लाइन बिघडली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. आत्याला आनंद झाला. “आज तीथबी चांगली हाय. ये, बस.” तिनं ब्लेडचं अर्धं पातं काढलं, मला ओट्याच्या कडेला बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. मी म्हणाले, आत्या, वरवर काढ. “वरवर काढून काय करू? फुडला वार कवा घावतोय कुनाला ठावं. एकदाच कोपरं खोल घेते, म्हंजे म्हैनाभर बघाया नको.” आणि घेतले की हो तिनं कोपरे, अगदी गोल, मुळापर्यंत. दिसायला नखं सुंदर दिसत होती.

आठ दिवसांत उजवा अंगठा टमाट्यासारखा झाला. कोपऱ्यात खोल कापलेलं नख वाढताना सरळ यायचं सोडून मांसात शिरलं होतं, पण हे आम्हाला कुठं ठाऊक? आम्हाला एवढंच ठाऊक, की नखुरडं झालं आणि नखुरड्याला लिंबू. आत्यानं लिंबाचं डोकं उडवलं, आतून पोखरलं आणि माझ्या अंगठ्याला टोपी घातली. झणझणून डोळ्यांतून पाणी आलं. “लागलं गुणाला,” आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाजलेला कांदा आणि हळद. तिसऱ्या दिवशी गूळ-चुना. मग ती बिब्बा तापवून दाभण घेऊन आली, तेव्हा मी गोठ्यात पळाले. जाणारा येणारा थांबून अंगठा बघायचा आणि काहीतरी सांगायचा. बसमध्ये तर विचारूच नका. एकीचं म्हणणं रॉकेल लाव, दुसरीचं म्हणणं बूट पालथा घालून झोप, ड्रायव्हर आरशात बघून म्हणायचा, “ताई, नजर काढा, नजर.” सगळ्यांना सगळं माहीत होतं. मेलं एकाला सुचेना, की हिला डॉक्टरकडं न्या.

ह्या सगळ्याहून जास्त डोकं फिरवलं ते आत्याच्या परेडनं. मी कामावरून आले, की हात-पाय धुवायच्या आत ती मला अंगणात उभी करायची. “चाल. तुळशीपातुर जाऊन ये.” मी जायची. “पाय वाकडा पडला. परत चाल.” “अगं दुखतंय!” “दुखू दे. रड हवं तेवढं, पर लंगडायचं न्हाई. सांगून ठेवते सुमे, लंगडायचं न्हाई.” स्वतः फर्र फर्र करत माझ्यामागून यायची आणि मला सरळ चालायला शिकवायची. मला इतका संताप यायचा, की वाटायचं बादली उचलून फेकावी. आई मधे पडायची नाही. आप्पा पेपर तोंडासमोर धरून बसायचे.

अशात पुढच्या एका बुधवारी लाइनवर सुपरवायझर माझ्या मागं येऊन उभा राहिला. मी सगळा भार डाव्या पायावर टाकून वायरी ओवत होते. तो म्हणाला, “सुमन, क्या हुआ पाय को? सकाळपासून बघतोय.” मी म्हटलं, काही नाही सर. “काही नाही तर बगळ्यासारखी का उभी? इथं बसायला स्टूल मिळत नाही. उद्या सुट्टी आहे, डॉक्टरला दाखव. परवा येताना चिठ्ठी आण, नाहीतर येऊ नको. शेवटचा आठवडा आहे, मला वर नावं द्यायचीत.” माणूस वाईट नव्हता. पण मी लगेच दोन्ही पायांवर उभी राहिले.

गुरुवारी सकाळी मी जाहीर केलं, चाकणला दवाखान्यात चालले. आप्पा म्हणाले, “जा की. पर डॉक्टर काय करील?” मी म्हटलं, नख कापील. बस्स! आत्या चुलीपासून वळली. “आज? गुरवारी नखाला हत्यार? आगं, घराचं वाटोळं करती का?” मी म्हटलं, गुरुवारच सुट्टीचा आहे, मी काय करू? “शुक्रवारी जा.” शुक्रवारी कामावर उभं राहायचंय. “मंग रविवारी.” रविवारीही कामावर उभं राहायचंय! आप्पा पेपरात बघत म्हणाले, “दोन-चार दिवसांनी काय बिघडतंय?” आईनं परातीत पीठ घेतलं होतं, ती मळतच राहिली. हे असं आमचं घर. अंगठा सडला तरी चालेल, वार मोडायला नको. माझा पार तोल गेला. मी ओरडले, “मग ठेवा मला घरात! आत्या आणि मी, दोघी मिळून लंगडू!”

आईचे हात थांबले. आप्पांनी पेपर खाली ठेवला. माझ्या तोंडातून गेलं ते गेलंच, परत घेता येत नव्हतं.  आत्यानं हात पदराला पुसले, दारात जाऊन पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, “चल. मी येते संगं.”

दवाखाना एका टायरच्या दुकानाच्या वर होता. गुरुवार म्हणून माणसांची ही गर्दी. सगळी कंपन्यांतली, सगळी सुट्टीचा दिवस गाठून आलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, लातूरकडच्या बोलण्याच्या, आणि चिडक्या. माझ्या अंगठ्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, “लिंबू?” मी मान हलवली. “चुना पण?” मी मान हलवली. “बिब्बा?” मी म्हटलं, पळाले. “बरं झालं पळालीस. अगं, काय लोणचं घालायलाव का बोटाचं?” आत्या गुरगुरली, “आमच्यात असंच करत्यात.” “तुमच्यात, आमच्यात, सगळ्यांच्यात हेच करतात हो मावशी. कोपरे कुणी कापले हे? असं गोल?” आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. मी माझी बोटं बघत बसले.

बोटाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं, ते मात्र लागलं. नंतर काहीच लागलं नाही. बाईंनी कडेची एक बारीक चिपाटी उभी कापली आणि चिमट्यानं ओढून बाहेर काढली. हात धुवायलासुद्धा ह्याहून जास्त वेळ लागत असेल. चिमट्यात ती चिपाटी धरून त्या म्हणाल्या, “बघ, ही घुसली होती.” केरसुणीचं तुटलेलं हीर असतं ना, तेवढी. मग सुरू झालं त्यांचं फैलावर घेणं: नख सरळ कापायचं, कोपरे बोटाच्या बाहेर राहू द्यायचे, कोरायचे नाहीत, बूट मापाचा घ्यायचा, चिंध्या कोंबायच्या नाहीत, मोजे सुती आणि रोज धुतलेले, दुखायला लागलं तर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचा आणि तेवढ्यावर नाही थांबलं तर इथं यायचं, लिंबाकडं जायचं नाही. मी सगळ्याला हो हो म्हणत होते. माझं लक्ष आत्याकडं होतं. ती खुर्चीवरून पुढं वाकून त्या चिपाटीकडं बघत होती.

“ह्येच?” ती म्हणाली.

“हेच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ह्येच दुखत व्हतं?”

“मग काय हो मावशी, नख मांसात घुसलं तर दुखणारच.”

 बाई चिठ्ठी लिहायला लागल्या, की चार दिवस बसून काम द्यावं, मग उभं राहायला हरकत नाही. त्या लिहीत असतानाच आत्या एकदम म्हणाली, “आन जुनं असलं तर?”

“किती जुनं?”

“हिच्या जल्माच्या आदीचं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. आत्यानं चप्पल काढली आणि फडकं सोडायला लागली. गाठ सुटेना, म्हणून मी उठायला गेले तर माझ्यावर खेकसली, “बस तिथंच.” फडक्याखाली तो अंगठा मी पहिल्यांदा पाहिला. नख जाड, पिवळं, दोन्ही कडांनी आत वळलेलं, आणि कडेला मांसाचा लालभडक उंचवटा. माझ्याच अंगठ्याचा म्हातारा भाऊ. बाईंनी हळू विचारलं, कधी झालं. आत्या भिंतीकडं बघून बोलत होती. “हळदीच्या दिशी न्हाव्यानं नखं काढली. नवरी म्हनून कोपरं चांगली खोल घेतली. मंग सासरी गेल्याव ठणकाया लागलं. ते म्हनले, पोरगी लंगडी हाय.”

“अहो, मग दाखवायचं ना कुणाला!”

“नव्या नवरीनं पाय वर करून कुनाला दाखवायचा, बाई?”

“आणि माहेरी आल्यावर?”

“माहेरी कुनी इचारलं न्हाई.”

मला कुणाचा राग येत होता तेच कळेना. सासरच्यांचा, ज्यांनी एवढी मोठी शिक्षा दिली पण एकदा वाकून पाय बघितला नाही. आजा-आजीचा, ज्यांनी लेक परत घेतली आणि तिला काय होतंय हे विचारलं नाही. आप्पांचा, आईचा. एका घरात, एका चुलीवर जेवून, तिच्या पायाचा आवाज रोज कानावर पडून, आम्ही सगळे ‘पाय’ म्हणायला लाजत बसलो होतो! आणि तिचाही राग येत होता. एवढे वार पाळलेस, एवढी नखं राखलीस, कुठल्या देवानं वाकून बघितलं? मी रडत होते आणि डॉक्टरीणबाई आत्याला म्हणत होत्या, “साखर तपासू, औषध देते, पुढच्या गुरुवारी या. दोन्ही कडा काढून टाकू.” गुरुवार म्हटल्यावर मी आत्याकडं पाहिलं. तिनं मान डोलावली.

माझी नोकरी राहिली. सुपरवायझरनं चिठ्ठी वाचली, तोंड वाकडं केलं आणि मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. महिनाअखेरीला माझं नाव वर गेलं. स्टोअरवाल्याशी भांडून भांडून पुढं बायकांच्या मापाचे बूटही आणवले, पण ती वेगळी कटकट. आज माझी भाची पुनावळ्याला राहते, तिथल्या पार्लरमध्ये जाऊन पैसे मोजून तेच कोपरे कोरून घेते, वर टोकदार बूट घालते आणि अंगठा सुजला की मला फोटो पाठवते. मी फोनवर ओरडते. ती म्हणते, “आत्या, किती चिडतेस गं एका नखासाठी!” एका नखासाठी. तिला काय सांगू?

तर, ठरल्याप्रमाणं पुढच्या गुरुवारी आत्याच्या अंगठ्याच्या दोन्ही कडा निघाल्या. पट्टी सुटली, जखम भरली, तरी ती लंगडतच होती. टप, फर्र, टप, फर्र. बाई म्हणाल्या होत्या, दुखणं गेलं तरी चाल जायला वेळ लागतो, पायाला सवय झालेली असते. मला परेड घ्यावी असं मात्र फार वाटायचं.

मग एका संध्याकाळी मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. गुरुवारच होता, प्रेस बंद, आत शेंगोळ्यांचं आधण उकळत होतं. दिवे नुकतेच लागले होते. आत्या तुळशीपाशी दिवा ठेवून परत येत होती आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाजच नव्हता. मी वर पाहिलं. ती चालत येत होती, दोन्ही पावलं सारखी टाकत, साध्या बाईसारखी. अंगणाच्या मधोमध तिच्याही ध्यानात आलं. थांबली. खाली पायाकडं पाहिलं. मागं वळून तुळशीपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तिच्या तोंडावर आनंद वगैरे काही नव्हता. ती माझ्याशेजारी येऊन बसली, उजवा पाय लुगड्याखाली घ्यायचं विसरली, आणि म्हणाली,

“येवढंच व्हतं व्हय गं?”

सोललेली पाकळी हातात धरून मी तिच्या पायाकडं बघत राहिले.  ती समोरच्या बंद प्रेसशॉपकडं बघत होती. मग डोळे पुसून, माझ्यावर नेहमीसारखी खेकसून म्हणाली, “बघत काय बसलीस? जा, नेलकटर आन. अंगठ्याचं नख वाढलंय.”

“आत्या, आज गुरुवार आहे. दिवे पण लागलेत.”

“लागू देत,” तिनं पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. “सरळ काप. कोपरं न्हाई घ्यायचं.”